चौथ्या गाण्यातला ठोका

ऑगस्टमध्ये मनालीला वक्तृत्व स्पर्धेत दुसरा नंबर मिळाला आणि तेव्हापासून तिचं तोंड म्हणून बंद होईना. त्याआधी ही मुलगी वर्गात हजेरी देतानाही अशी पुटपुटायची की बाई दोनदा गैरहजर मांडायच्या. आता प्रिन्सिपल असोत, टँकरवाला असो, नाहीतर सोसायटीचा तापट सेक्रेटरी, सगळ्यांशी ती एकाच पट्टीत बोलायची. रुचिरा, तिची बालवाडीपासूनची मैत्रीण, म्हणायची, "तुझ्या गळ्यात कोणीतरी लाऊडस्पीकर बसवलाय आणि बटण हरवलंय."

त्यामुळे केइता कुझुमेच्या वेबसाइटवर ते आवाहन आलं तेव्हा मनाली गप्प बसणं शक्यच नव्हतं. कुझुमे म्हणजे जपानचा एक रॉकवाला, पन्नाशीचा, हडकुळा, कायम काळा मास्क लावणारा. त्याचा नवा अल्बम आला होता, 'मुजिन कोबा', म्हणजे माणूस नसलेला कारखाना. इंडस्ट्रियल मेटल. आशियाभरच्या बंद पडलेल्या वर्कशॉपांमध्ये फिरून त्याने जुन्या मशिनींचे आवाज रेकॉर्ड केले होते आणि त्यांच्यावर गिटार नि ओरडणं चढवलं होतं. जगभरातल्या ऐकणाऱ्यांनी आपलं मत पाठवा, निवडक मतं अल्बमच्या नव्या आवृत्तीत छापू, असं त्याने लिहिलं होतं.

"ओसाका पाठवणार, बर्लिन पाठवणार, मग विक्रोळीने काय पाप केलंय?" मनाली म्हणाली.

आणि तिने वही आणली. कन्नमवार नगरातल्या त्यांच्या बुद्धविहारात कुठलंही प्रदर्शन भरलं की दाराशी टेबल, टेबलावर अभिप्राय वही आणि वहीला सुतळीने बांधलेलं पेन असतंच. लोक फोटो बघोत न बघोत, अभिप्राय लिहिल्याशिवाय कोणी जात नाही. मनालीने रविवारी दुपारी विहाराच्या अभ्यासिकेत अगदी तसंच टेबल मांडलं. हेडफोन ठेवले. आठ गाणी, गाण्यागणिक अभिप्राय, असा नियम केला. ऐकत जायचं, लिहीत जायचं.

लोक आले की. फुकट आणि मत द्यायचं म्हटल्यावर विक्रोळीत कोण येणार नाही?

पहिला बसला प्रबुद्ध. अभ्यासिकेत तीन वर्षं स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारा, जाड चष्म्याचा. त्याने लिहिलं, 'गाणे क्र. १ : मिक्सरमध्ये चमचा राहून गेल्यासारखे वाटले. गाणे क्र. २ : तोच चमचा. गाणे क्र. ३ : चमचा संपला, मिक्सर सुरू.' मग हर्षद, ज्याचा साउंड सिस्टिमचा धंदा होता. 'बास झकास. जयंतीच्या मिरवणुकीत लावलं तर दोन बिल्डिंगींचं प्लास्टर खाली येईल.' विहाराच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या सुंदराबाई मांडीवर ताट घेऊन तांदूळ निवडतच ऐकत होत्या. त्यांचं मत मनालीने त्यांच्या तोंडून ऐकून लिहून घेतलं. 'मुलगा घसा फाडतोय. घरचं कोणी हळद-दूध देत नाही का?'

चौथ्या गाण्याला मात्र मस्करी थांबायची.

मनालीला ते गाणं पाठ होतं. तीन मिनिटं नुसता गदारोळ, एखादं अवजड चाक फिरतंय असा. मग सगळं एकदम मागे सरतं आणि कोणीतरी लोखंडावर लोखंड आपटतं. टक, टक. दोनदाच. मग शांतता. आणि मग असा एक ठोका पडतो की पोटातलं पाणी हलतं. संध्याकाळपर्यंत सुंदराबाई सोडून तेवीस जणांनी ऐकलं आणि तेवीसही जणांनी त्या ठोक्याबद्दल लिहिलं.

"शांतता तीन सेकंदांची आहे, मस्त टायमिंग," हर्षद म्हणाला.

"तीन कसली, अकरा. मी मोजली," प्रबुद्ध म्हणाला.

"अकरा सेकंद कोण थांबेल रे? ऐकायचं सोडून डुलकी काढलीस."

सुंदराबाईंनी हेडफोन काढून मनालीच्या हातात दिले. "बंद पडलं गं तुझं मशीन. दोनदा टकटक झालं आणि पुढे काहीच नाही. माझे अर्धा किलो तांदूळ निवडून झाले."

मनालीने फोन बघितला. गाणं पुढे सरकत नव्हतं. तिने हेडफोन कानाला लावले, टेबलावर बोट आपटत वाट बघितली, तर ठोका लगेच आला. तिला वाटलं, नेट अडकलं असेल.

आणि रुचिरा? रुचिराला ते गाणं चावलंच. तिने ते रविवारी नऊ वेळा ऐकलं. "यार, तो ठोका येतो ना, डोक्यातला सगळा भूगोल झाडून निघतो," म्हणाली. त्या दोघींची दहावीची प्रिलिम मंगळवारी सुरू होत होती.

सोमवारी दुपारी रुचिरा मनालीच्या घरी आली ती उजवा हात डाव्या हातात धरून, दुसऱ्या कोणाची तरी वस्तू सांभाळायला दिल्यासारखा.

"चार बोटं गेलीत माझी," ती म्हणाली.

मनाली हसली, मग तिने तो हात धरला आणि हसायची थांबली. अंगठा गरम होता. बाकीची चार बोटं फ्रीजमधून काढलेल्या भेंडीसारखी. रुचिराने पेन उचलायचा प्रयत्न केला, तर पेन बोटांतून घरंगळून जमिनीवर. डॉक्टरकडे जाऊन आली होती. मान अवघडली असेल, परीक्षेचं टेन्शन असेल, आठ दिवसांत बघू, असं डॉक्टर म्हणाले होते.

"आठ दिवसांत प्रिलिम संपेल," रुचिरा म्हणाली. "बाबा माझ्याऐवजी लिहायला रायटर मिळतो का विचारायला गेलेत. शाळा म्हणते, आधी अर्ज हवा होता. उद्या अकराला पेपर आहे, मनाली. मी काय तोंडाने लिहू?"

मनालीला तेवढ्यात आठवलं की काल रात्री तिचीही बोटं गार पडली होती, थोडा वेळ. तिने ते पंख्यावर ढकललं होतं. तिने दप्तरातून वही काढली. कोणी बोटांबद्दल काही लिहिलंय का, एवढंच तिला बघायचं होतं.

लिहिलं होतं. प्रबुद्धने लिहिलं होतं, 'ठोक्यानंतर हाताला मुंग्या.' हर्षदने लिहिलं होतं, 'बोटं सुन्न, एक नंबर इफेक्ट.' पण मनाली ते वाचायची थांबली आणि नुसतं बघत राहिली. पहिल्या तीन गाण्यांची अक्षरं ज्याची त्याची होती. प्रबुद्धचं छापल्यासारखं, हर्षदचं माशी चालल्यासारखं. चौथ्या गाण्यापासून पुढे मात्र तेवीस जणांचं अक्षर एकच होतं. मोठं, लहान मुलासारखं, डावीकडे कललेलं. 'र'चा पाय लांब ओढलेला.

"तू कुठल्या हाताने लिहिलंस?" मनालीने विचारलं.

"उजव्या," रुचिरा म्हणाली. मग थोड्या वेळाने म्हणाली, "आठवत नाही."

दोघी जेवणाच्या टेबलाशी बसल्या होत्या. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मनालीचे आजोबा, अंबादास, खारे शेंगदाणे सोलत होते. एलबीएस रोडवरच्या, पत्रे कापणाऱ्या एका छोट्या प्रेसशॉपमध्ये त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. ते शॉप जाऊन आता तिथे टॉवर आलाय, मशिनी कुठल्या कुठे विकल्या गेल्या, पण आजोबांचे कान तिथेच राहिले. कानाचं मशीन त्यांना आवडायचं नाही. समोरच्याच्या ओठांवरून जेवढं कळेल तेवढं घ्यायचे, बाकी सोडून द्यायचे. घरात सगळ्यांना त्याची सवय होती.

रुचिरा घाबरली की तिला काहीतरी वाजवायला लागायचं. तिचा डावा हात टेबलावर वाजत होता. टक, टक. थांबायची. टक. पुन्हा टक, टक. थांबायची. टक.

आजोबांच्या हातातला शेंगदाणा खाली पडला. त्यांनी तळवा टेबलावर सपाट ठेवला, नाडी बघतात तसा.

"कुणी शिकविलं तुला हे?" त्यांनी रुचिराला विचारलं.

आजोबा सहसा बोलायचे नाहीत, आणि असे तर कधीच नाहीत. रुचिराने हात मागे घेतला. मनाली त्यांच्या समोर जाऊन तोंड दिसेल अशी बसली. "गाण्यात आहे, आजोबा. दोनदा टक टक, मग ठोका."

"दोनदा. आन् एकदा?"

"एकदा नाहीये गाण्यात."

"मग ही एकदा का वाजवायलीय?"

रुचिराने डावा हात मांडीखाली दाबला. मनालीला सुंदराबाई आठवल्या. त्यांचे दोन्ही हात तांदळात होते. त्यांनी टेबलावर काही वाजवलं नव्हतं, आणि त्यांच्यासाठी ठोका पडलाच नव्हता. बाकी सगळ्यांनी नकळत एकदा वाजवलं होतं.

तिने वही आजोबांपुढे ठेवली, तेवीस जणांचं आणि रुचिराच्या नऊ वेळांचं सांगितलं. त्यांनी चष्मा लावला, पान जवळ धरलं, आणि मग एका 'र'च्या लांब पायावरून बोट फिरवलं.

"हे विद्याधरचं अक्षर हाय," ते म्हणाले.

मग ते बोलले. तुटक, मध्येच थांबत, पण बोलले. पॉवर प्रेसवर दोन माणसं लागायची. पुढे आजोबा, त्यांच्या पायाखाली पॅडल. पॅडल दाबलं की वरून चाळीस टनांचा ठोका पडायचा. मागच्या बाजूला विद्याधर, कणकवलीचा. डायमधून, म्हणजे साच्यातून, तयार पीस हाताने काढायचं काम त्याचं. मध्ये एवढं मोठं मशीन, एकाला दुसरा दिसायचा नाही, आणि आवाज असा की कानात ओरडलं तरी कळायचं नाही. म्हणून पान्याने मशीनच्या अंगावर वाजवायचं. विद्याधरने दोनदा वाजवलं की, हात घालू का? अंबादासने आधी वाकून बघायचं, पाय पॅडलवरून उचलायचा, मग एकदा वाजवायचं. घाल. आणि तीनदा वाजवलं की, थांब.

"दिवसाला दीड हजार पीस," आजोबा म्हणाले. "कोण बघणार दीड हजार बार? दोन आलं की हात आपोआप एक देतो. मी बघितलं नाही. पाय पॅडलवरच होता."

मनालीला पुढचं विचारायचं नव्हतं. रुचिरानेच विचारलं, "किती बोटं गेली?"

"चार. अंगठा तेवढा ऱ्हायला." त्यांनी तिच्या हाताकडे बघितलं नाही. "गावाला गेला. डाव्या हातानं लिहायला शिकला. दोन कार्डं धाडली मला. मी काय लिहिणार? मी एकाचंबी उत्तर दिलं नाही. मागल्या साली वारला म्हणं."

त्यांनी वही मिटली. मग आजोबा उठले आणि चप्पल शोधू लागले. "तुम्ही समद्यांनी न बघता हात घाल म्हणून सांगितलंय त्याला. तेवीस जणांनी. हिनं तर नऊ बार. चला. मला ऐकवा ते."

"तुम्हाला ऐकू येत नाही, आजोबा," मनाली म्हणाली.

"तवाबी येत नव्हतं. हातानं कळायचं."

पाच वाजता अभ्यासिकेत हर्षदने त्याचा मोठा स्पीकर आणून ठेवला, कपाटाएवढा. प्रबुद्धने पुस्तकं आवरली. सुंदराबाईंनी कारण न विचारता दारं लावली, पण त्यांची जीभ कोण लावणार? "अंबादासभाऊ, या वयात हे असलं ऐकून तुम्हाला काय बँड काढायचाय?" आजोबांना ते कळलं नाही. ते स्पीकरसमोर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले, चप्पल काढली, डावा तळवा स्पीकरच्या लाकडावर ठेवला. उजव्या हातात त्यांनी हर्षदच्या टूलबॉक्समधला पाना घेतला होता.

"काही झालं तरी कोणी काही वाजवायचं नाही," मनालीने सगळ्यांना बजावलं. "हात काखेत. हर्षददादा, तू पण. नखं खाल्लीस तरी चालेल."

"मी काय बाळ आहे का?"

"हात काखेत."

रुचिरा आजोबांच्या समोर जमिनीवर बसली. तिचा उजवा हात मांडीवर उताणा पडला होता. नखं निळसर दिसायला लागली होती. दुपारी गारठा मनगटापर्यंत नव्हता, आता होता.

गाणं सुरू झालं. चाक फिरायला लागलं. खिडकीच्या काचा थरथरल्या. कुझुमे त्याच्या भाषेत किंचाळत होता आणि आजोबांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, बसस्टॉपवर बसलेल्या माणसासारखं. तीन मिनिटं. मग सगळं मागे सरलं.

टक, टक.

मनालीला कळलं की काखेतलं तिचं बोट हलतंय. तिला खाज सुटावी तशी ती एक टक हवी होती. इतकं सोपं होतं ते, इतकं साधं. कोणी हाक मारली की ओ देतात तसं. प्रबुद्धने डोळे गच्च मिटले होते. हर्षद स्वतःच्या दोन्ही हातांवर बसला होता.

आजोबांनी पाना वाजवला नाही. त्यांनी आधी खाली, आपल्या पायांकडे बघितलं. उजवा पाय जमिनीपासून उचलला आणि मागे घेतला. मग ते हळूच उजवीकडे वाकले, खूप वाकले, खुर्ची तिरपी होईपर्यंत, आणि स्पीकरच्या मागे बघू लागले.

स्पीकरच्या मागे भिंत होती. मनाली जिथे होती तिथून तिला ती भिंतच दिसत होती, फिकट निळी, एक खिळा मारलेला. पण आजोबा भिंत बघत नव्हते. त्यांची नजर एका ठिकाणी थांबली, मग वर गेली, उभ्या माणसाच्या चेहऱ्याकडे जाते तितकीच वर. त्यांचे ओठ हलले. काय म्हणाले ते कोणालाच ऐकू आलं नाही.

टक, टक. गाण्यात ती टकटक एकदाच होती. मनालीला गाणं पाठ होतं. हे गाण्यात नव्हतं.

रुचिरा कळवळली. तिच्या चार बोटांच्या मुळाशी एक सरळ रेघ उमटत होती, कोणी पट्टीने आखावी तशी.

आजोबा सरळ बसले. त्यांनी पाना उचलला आणि स्पीकरच्या लाकडावर सावकाश, एकेक करून, तीनदा वाजवला.

कितीतरी वेळ गेला. मग स्पीकरमधून एक आवाज आला, अगदी साधा, लोखंडी पाना सिमेंटच्या फरशीवर ठेवल्याचा. त्यानंतर गाणं पुढे सुरू झालं. ठोका पडलाच नाही. कुझुमेने उरलेलं कडवं म्हटलं आणि कोणीही त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

"मुंग्या आल्या," रुचिरा म्हणाली. "आई गं. मनाली, मुंग्या आल्या."

रेघ पुसट झाली. बोटं आधी पांढरी, मग लाल झाली. तिने उठून हर्षदच्या दंडाला सणसणीत चिमटा काढला.

"लागलं ना," हर्षद ओरडला.

"मला पण लागलं, बोटांना," रुचिरा म्हणाली आणि रडायलाच लागली.

दुसऱ्या दिवशी तिने मराठीचा पेपर लिहिला, दोन पुरवण्या जोडून. अक्षर तिचंच होतं. मनालीने बाहेर आल्या आल्या तपासून घेतलं.

आठवड्याने वेबसाइटवर भांडणं पेटली. ओसाकाच्या कोणीतरी लिहिलं की चौथ्या गाण्यातला ठोका गायब झालाय, नवी फाइल टाकलीत का? पोलंडच्या एकाने लिहिलं, ठोका कधी नव्हताच, तुम्ही सगळे वेडे आहात. ब्राझीलची एक मुलगी म्हणाली, मी त्याच ठोक्यासाठी अल्बम घेतला होता, माझा ठोका परत द्या. चारशे मतं आली. जगात कोणी काही विचारलं की पहिलं उत्तर जिचं असायचं, त्या मनालीने एक अक्षर लिहिलं नाही.

कारण तिने आजोबांना एक प्रश्न विचारला होता. थांब म्हटल्यावर पुढे काय व्हायचं?

"ज्यानं थांब म्हटलं, त्यानंच पुन्हा एक द्यायचा," आजोबा म्हणाले. "तवर पलीकडचा हात घालत नाही. उभा ऱ्हातो."

"म्हणजे तो अजून उभा आहे?"

"चाक फिरायलंय, पोरी. बंद कुणी केलंय?"

"मग तुम्ही देऊ नका ना एक. कधीच."

"जागेपणी तर देणार नाही," आजोबा म्हणाले.

आता ते शेंगदाणे मांडीवर टॉवेल पसरून सोलतात. पेला ठेवताना दोन्ही हातांनी, आवाज न करता ठेवतात. दाराची बेल बिघडली तेव्हा कडी न वाजवता अर्धा तास जिन्यात बसून राहिले होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. दुपारी त्यांना खुर्चीतच झोप लागते आणि एकतीस वर्षांची सवय असलेला तो उजवा हात खुर्चीच्या लाकडी दांड्यावर असतो.

परवा मनाली शेजारी इतिहास वाचत बसली होती. आजोबांचा श्वास एका लयीत चालला होता. तिने सहज वर बघितलं, तर त्यांचं पहिलं बोट दांड्यावरून उचललं गेलं होतं. ते तसंच हवेत थांबलं, काहीतरी ऐकत असल्यासारखं. तिने पुस्तक टाकलं आणि आपला हात मध्ये सरकवला. बोट खाली आलं ते तिच्या तळव्यावर. आवाज झाला नाही. बोट गार होतं. तिने मूठ मिटून ते आत धरलं, आणि आजोबा जागे होईपर्यंत, तिन्हीसांज झाली तरी, सोडलं नाही.